ब्रिटनमध्ये पहिली फिल्म करताय? कॅमेऱ्याआधी सह्या

कॅमेरा कुठला घ्यावा यावर महिनाभर खल करू नका. ख्रिस्तोफर नोलनने 'फॉलोइंग' (१९९८) १६ मिमीवर, कृष्णधवल, नोकऱ्या सांभाळणाऱ्या मंडळींना घेऊन शनिवारी-शनिवारी उरकला. रीळ महाग, म्हणून तालमी भरपूर आणि टेक एक-दोनच. नवखा माणूस मार खातो तो कागदांत.

तिथल्या १९८८च्या कॉपीराइट कायद्यात चित्रपटाचे कर्ते दोघे: निर्माता आणि प्रमुख दिग्दर्शक. पटकथाकार, संगीतकार तुमचे पगारी नोकर नसतील, तर मानधन दिलं तरी त्यांच्या कामाचे हक्क त्यांच्याकडेच राहतात. हक्क तुमच्या नावावर यायला लेखी करार आणि देणाऱ्याची सही हवी. व्हॉट्सअ‍ॅपवरचं 'वापर रे बिनधास्त' ही फार तर परवानगी झाली, मालकी नव्हे. वितरक पहिल्यांदा चेन ऑफ टायटल मागतो, म्हणजे मूळ कथेपासून तुमच्या कंपनीपर्यंत हक्क कसे आले त्याचे सगळे कागद. एक कागद नसला की सौदा अडतो, आणि तोवर लेखक मित्राशी बोलणं बंद झालेलं असतं. म्हणून सह्या शूटिंगआधी. नटांच्याही. पटकथा तुम्हीच लिहिली असेल तर स्वतःकडून स्वतःच्या कंपनीला हक्क लिहून द्या. हा कागद हमखास राहतो.

गाण्याचे हक्क दोन: रचनेचे वेगळे, ध्वनिमुद्रणाचे वेगळे. फक्त महोत्सवापुरता परवाना स्वस्त पडतो, पण ओटीटीवर विकताना तो कुचकामी. सर्व माध्यमांचा दर आधीच लेखी घ्या, नाहीतर नवं संगीत करून घ्या.

घाबरू नका, वकिलाची फौज लागत नाही. पण कंपनी पूर्वतयारीच्या आधी काढा. चित्रपटगृहासाठीच्या कमी बजेटच्या फिल्मला मुख्य खर्चाच्या (पूर्वतयारी, शूटिंग आणि नंतरची कामं) जास्तीत जास्त ८० टक्क्यांवर ५३ टक्के करसवलत मिळू शकते. कर वजा जाता हातात त्या पात्र खर्चाच्या साधारण ४० टक्के. फिल्म ब्रिटिश ठरते का हे पाहणाऱ्या सांस्कृतिक चाचणीत ३५ पैकी १८ गुण हवेत, आणि करार, देणी कंपनीनेच केलेली हवीत. पैसे मागाहून येतात, त्यांच्या भरवशावर युनिटचं जेवण ठरवू नका.

लघुपटासाठी बीएफआय नेटवर्ककडे (ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटची नवोदितांना पैसे देणारी योजना) अर्ज करा. ब्रिटिश दिग्दर्शिका अँड्रिया अरनॉल्डच्या लघुपटाला २००५ मध्ये ऑस्कर मिळालं, पहिला मोठा चित्रपट २००६ मध्ये आला, तेव्हा त्या चाळिशी ओलांडलेल्या होत्या. वय झालं म्हणून रडू नका. फी घेऊन 'मेंटॉर' होणाऱ्यांपेक्षा बजेट वाचून शिव्या देणारा लाइन प्रोड्यूसर (शूटिंगचा रोजचा खर्च सांभाळणारा) बरा.

पुण्या-मुंबईहून शिकायला गेलेल्यांनी हे पाहाच: स्टुडंट व्हिसावर स्वयंरोजगार किंवा धंदा चालत नाही, शिक्षण संपल्यावरच्या ग्रॅज्युएट व्हिसावर चालतो. तोवर कॉलेजच्या फिल्म करा, पण त्यांचे हक्क कॉलेज स्वतःकडे ठेवतं का, हे प्रवेशाच्या अटींत वाचून घ्या.