खोका उलगडा, सूत्र मागाहून

सातवी-आठवीच्या मुलांना मी घरी गणित शिकवते. पृष्ठफळ, म्हणजे वस्तूच्या सगळ्या बाजूंचं मिळून क्षेत्रफळ, आलं की मुलं आधी ‘इष्टिकाचिती’ या शब्दालाच बिचकतात. म्हणून पहिल्या दिवशी पुस्तक न उघडता दारामागची वीट आणून टेबलावर ठेवते. इष्टिका म्हणजे वीट, चिती म्हणजे रचलेली रास. एवढं कळलं की निम्मी भीती जाते.

मग खोका. कुठलाही चालत नाही, हे मी स्वतः आपटून शिकले. एकदा टूथपेस्टचा मोठा खोका घेतला. मापं सोपी व्हावीत म्हणून लांबी २०, रुंदी ५ आणि उंची ४ सेंमी अशी गोळाबेरीज केली. सहा बाजू मोजून उत्तर आलं ४०० चौसेमी. मागच्या बाकावरचा एक जण कधीच ४०० लिहून बसला होता. मी त्याला शाबासकी दिली. वही पाहिली तर त्याने २० × ५ × ४ करून टाकलं होतं! म्हणजे त्याने काढलं होतं घनफळ, पण आकडा नेमका तोच. तेव्हापासून मापं ठरवली की मी आधी दोन्ही उत्तरं काढून बघते. ६ सेंमी बाजूच्या घनाचीही हीच गंमत: पृष्ठफळ २१६, घनफळही २१६. तसाही घनाने सुरुवात करूच नये. सगळ्या बाजू सारख्या असल्या की कोण कोणाची जोडी, हे मुलांना दिसतच नाही.

तेव्हा ६, ४, ३ सेंमीसारखा तिन्ही मापं वेगळी असलेला खोका घ्या. घरात सापडला नाही तर कार्डशीटचा करा. मुलांना तो टेबलावर ठेवू दे. वरच्या आणि खालच्या बाजूला लाल खडू, समोरच्या आणि मागच्या बाजूला हिरवा, डाव्या-उजव्या बाजूंना पिवळा. रंग मुलांनीच द्यायचा, तुम्ही नाही. मग कडांवरून कापून खोका सपाट करायचा. याला पुस्तकात घडण म्हणतात. चिकटवायला ठेवलेल्या जास्तीच्या पट्ट्या आधी कापून टाका, नाहीतर हुशार मुलं त्याही मोजतात.

आता समोर सहा आयत आहेत आणि आयताचं क्षेत्रफळ मुलांना येतंच. लाल २४, पिवळा १२, हिरवा १८. तिघांची बेरीज ५४, प्रत्येकाचा जोडीदार आहे म्हणून दुप्पट, १०८ चौसेमी. दुप्पट करायचं विसरणं ही सगळ्यात मोठी चूक, पण ज्याने स्वतः खडू फिरवलाय तो सहसा विसरत नाही. शंका असेल तर घडण आलेखाच्या कागदावर ठेवून चौकटी मोजायला लावा. वेळ लागतो, लागू दे. आणि १०८ च्या पुढे ‘सेंमी’ लिहिलं तर मी सरळ विचारते, ‘पट्टी मोजलीस की चौकटी?’

दोन-तीन खोके झाले की मुलंच म्हणतात, ‘बाई, दर वेळी हेच करायचं ना?’ मगच फळ्यावर लिहा: २ × (लांबी × रुंदी + रुंदी × उंची + लांबी × उंची).

उभ्या पृष्ठफळाला, म्हणजे वरची-खालची बाजू सोडून उरलेल्या चार बाजूंना, मी जास्त वेळ देते, कारण पाठांतर तिथेच उघडं पडतं. तोच टूथपेस्टचा खोका आडवा ठेवला तर उभ्या चार बाजू होतात २ × ४ × (२० + ५) = २०० चौसेमी. टोकावर उभा केला की २ × २० × (५ + ४) = ३६०. एकूण मात्र दोन्ही वेळा ४००. ‘उंची’ हे खोक्याचं कायमचं माप नाही, तो कसा ठेवलाय त्यावर ते ठरतं, हे मुलांना इथे कळतं.

माझं आवडतं साधन मात्र काडेपेटी. काड्या आधी काढून ठेवा! मापं साधारण ५, ३.५ आणि १.५ सेंमी धरा. बाहेरचं कव्हर दोन्ही टोकांना उघडं. ते टोकावर उभं केलं की फक्त उभ्या बाजू उरतात: २ × ५ × (३.५ + १.५) = ५० चौसेमी. आतल्या खणाला झाकण नाही, म्हणून तळ १७.५ आणि भोवतीच्या भिंती २५.५, मिळून ४३. (खण किंचित लहान असतो, ते सोडून द्या.) परीक्षेत ‘झाकण नसलेली पेटी’ आली की मुलांना हाच खण आठवतो.

भेटवस्तूला कागद किती लागेल, हे उदाहरण मी जपूनच देते. कडेला दुमड लागते, त्यामुळे पुस्तकी उत्तराएवढाच कागद आणला तर खात्रीने कमी पडतो. एका मुलीने घरी करून पाहिलं आणि येऊन माझ्याशी भांडली. बरोबरच होतं तिचं.

शेवटी गृहपाठ. एका काडेपेटीचं एकूण पृष्ठफळ ६०.५, म्हणून दोन सुट्या पेट्यांचं १२१ चौसेमी. त्या मोठ्या बाजूने एकमेकींवर ठेवल्या की दोन १७.५ झाकले जातात आणि उरतात ८६. दुसऱ्या बाजूंनी जोडल्या तर? आणि दहा पेट्यांच्या पुड्यात त्या कशा रचलेल्या असतात, ते किराणा दुकानात बघून या.