‘कारिन’ कशी वाचावी

युना कागेसाकी यांची ‘कारिन’ ही मंगामालिका, म्हणजे जपानी चित्रकथांची मालिका, २००३ ते २००८ या काळात ‘मंथली ड्रॅगन एज’ या जपानी मासिकातून क्रमशः प्रसिद्ध झाली आणि तिचे १४ खंड निघाले. इंग्रजीत ती ‘चिबी व्हॅम्पायर’ या नावाने आली, त्यामुळे जुन्या प्रती शोधताना दोन्ही नावे घालून पाहावीत. वरवर वाचणाऱ्याला ही एका धांदरट शाळकरी मुलीची गंमत वाटते आणि तो दोन खंडांत पुस्तक बाजूला ठेवतो. ज्यांनी जपानी चित्रकथा यापूर्वी हाती घेतलेली नाही, त्यांच्याकडून असे होऊ नये म्हणून हे मार्गदर्शन.

सर्वप्रथम कथेतला नियम मनात पक्का करावा, कारण सगळा विनोद आणि सगळे प्रेम त्यातूनच निघते. माका कुटुंब व्हॅम्पायरांचे आहे. आई, वडील, थोरला भाऊ रेन, सगळे रक्त पितात आणि उन्हापासून लांब राहतात. मधली मुलगी कारिन मात्र दिवसाढवळ्या शाळेत जाते, आणि तिचे शरीर रक्त मागण्याऐवजी जास्तीचे रक्त तयार करते. ते कुणाला तरी चावून त्याच्या अंगात सोडले नाही, तर तिच्या नाकातून रक्ताचा लोंढा वाहू लागतो. तिने चावलेला माणूस दुबळा होत नाही, उलट त्याची मरगळ जाऊन तो उत्साहाने कामाला लागतो. या घरात प्रत्येकाच्या रक्ताची आवड ठरलेली आहे: वडिलांना गर्विष्ठ माणसाचे रक्त रुचते, आईला खोटे बोलणाऱ्याचे. कारिनचे रक्त दुःखी माणसाजवळ उसळते, आणि तिच्या वर्गात नव्याने आलेला उसुई केन्ता हा मुलगा मनातून अत्यंत दुःखी असतो. म्हणून प्रत्येक वेळी कारिनचा हात नाकाकडे गेला की वाचकाने क्षणभर थांबावे, जवळ कोण उभे आहे आणि त्याच्यावर नुकतेच काय गुदरले आहे हे मागच्या दोन पानांत पाहावे. लेखिका ते बहुतेक वेळा शब्दांत सांगत नाही.

जपानी विनोदी चित्रकथांत नाकातून रक्त येणे ही जुनी खूण आहे. एखाद्याच्या, विशेषतः मुलाच्या, मनात कामुक विचार आला की त्याचे नाक वाहताना दाखवतात. कागेसाकी यांनी तीच खूण उचलून एका मुलीला दिली आणि तिचा अर्थ पालटला. साधारण महिन्याच्या अंतराने शरीर आवरेनासे होणे, ते चारचौघांत कळेल ही धास्ती, आणि घरातल्या मोठ्यांचे ‘तू अजून आमच्यासारखी झाली नाहीस’ असे पाहणे, हे वयात येणाऱ्या मुलीचेच चित्र आहे असे माझे ठाम मत आहे. हसू येईल तिथे मोकळेपणाने हसावे, पण ही लाज खरी आहे हे विसरू नये.

पान वाचण्याची रीत सांगणे आवश्यक आहे. सुरुवात उजवीकडच्या वरच्या चौकटीपासून करावी, डावीकडे जावे, मग खालच्या ओळीत पुन्हा उजवीकडून. चौकटीच्या आतले संवादही याच क्रमाने वाचावेत, नाहीतर प्रश्नाआधी उत्तर वाचले जाते आणि विनोद वाया जातो. दोन-तीन प्रकरणांत नजरेला सवय होते. त्यानंतर चेहऱ्यांकडे लक्ष द्यावे. गोंधळ उडाला की कारिन एकदम बुटकी, मोठ्या डोक्याची, ठिपक्याएवढ्या डोळ्यांची होते. प्रसंग गंभीर झाला की चेहरा पुन्हा भरीव होतो. केन्ताची नजर मुळातच करारी काढलेली आहे आणि त्यामुळे सगळे त्याला रागीट समजतात. सुरुवातीला आपणही तसेच समजतो, पण काही खंडांनंतर त्याच डोळ्यांत आपल्याला काळजी दिसू लागते.

डब्याचे प्रसंग सावकाश वाचावेत. केन्ताची आई फुमिओ हिला कामाच्या ठिकाणी पुरुषांच्या त्रासामुळे नोकऱ्या सोडाव्या लागतात, घरात पैसा नसतो, आणि मुलगा दुपारी उपाशी राहतो. तो सुखी राहिला तर आपले रक्त उसळणार नाही, असा हिशेब करून कारिन त्याच्यासाठी जेवणाचा डबा आणू लागते. यात दोघांच्याही तोंडून प्रेमाचा शब्द निघत नाही. डबा देताना तिची उडणारी तारांबळ, घेताना त्याचा अवघडलेपणा आणि मग भुकेने खाणे, एवढेच दिसते. सुरुवातीचा हिशेब तिच्या मनातून नेमका कधी गळून पडला, हे शोधत वाचणे हा या मालिकेतला सर्वांत मोठा आनंद आहे. दोघे एकमेकांना दीर्घकाळ आडनावाने हाक मारतात, त्यामुळे हाक बदलते त्या पानाकडेही दुर्लक्ष होऊ देऊ नये.

धाकटी बहीण आंजू आणि तिच्या बाहुल्या यांच्यासाठी वेगळे काही सांगावे लागत नाही, त्या आपोआप लक्ष वेधतात. व्हॅम्पायरांच्या शिकाऱ्याचे प्रकरण मला पसरट वाटते आणि ते भराभर वाचले तरी फारसे बिघडत नाही. काही ठिकाणी कारिनच्या शरीराचे रेखाटन अनावश्यक सवंग आहे, आणि पहिल्याच खंडात केन्ताचा तिच्याविषयी होणारा गैरसमज लहान मुलांना वाचायला देण्याजोगा नाही, म्हणून सोळा वर्षांखालील वाचकाच्या हाती ही मालिका देऊ नये.

उत्तरार्धात कारिन अशी का जन्मली याचा उलगडा होतो आणि कथेचा सूर गडद होतो. इंटरनेटवर पात्रांची माहिती शोधली तर हा उलगडा पहिल्याच ओळीत समोर येण्याचा धोका आहे, त्यामुळे चौदावा खंड मिटेपर्यंत शोध टाळावा. जे. सी. स्टाफ या संस्थेने केलेली २४ भागांची ॲनिमे, म्हणजे जपानी ॲनिमेशनपटांची, मालिका २००५–०६ मध्ये, म्हणजे मंगा अपूर्ण असतानाच, आली आणि तिचा शेवट वेगळा आहे. ती मंगा वाचून झाल्यावर पाहावी, आणि तोहरू काई यांनी याच पात्रांवर लिहिलेल्या कादंबऱ्या त्याहून नंतर घ्याव्यात.