या चुका टाळा : हट्टाच्या जागी मागणं शिकवताय, पण घरचे एकसारखे वागत नाहीत

आमचा मुलगा पाच वर्षांचा, बोलतो फार कमी, मोबाईल हवा की जमिनीवर लोळून किंचाळायचा. थेरपिस्टनी सांगितलं, त्यानं मोबाईलचं चित्र आपल्या हातात दिलं की लगेच पाच मिनिटं मोबाईल, किंचाळला तर नाही. किंचाळून जे मिळतं ते नीट मागून मिळवायला शिकवायचं ही पद्धत कार आणि ड्युरांड या मानसशास्त्रज्ञांनी १९८५ मध्ये मांडली. पंधरा दिवस मस्त गेले. मग गणपती आले, चाकरमानी आले, पडवीत वीस माणसं, आरती चालू आणि हा किंचाळतोय, काकांनी "असू दे गो, पोर आहे" म्हणत मोबाईल दिलाच.

सगळ्यात महाग पडते ती हीच चूक. मुलानं चित्र दिलं आणि आपण भाकऱ्या भाजत होतो, बघायचं राहिलं, ही पण चूकच, पण २०१० च्या एका अभ्यासात दिसलं की बक्षीस राहून जाण्यापेक्षा चुकीच्या वागण्याला बक्षीस मिळणं जास्त नुकसान करतं, आणि दोन्ही एकत्र झाल्या तर बघायलाच नको.

दुसरी चूक, आवाज वाढला की हार मानणं. मिळणं बंद झालं की काही मुलं आधी आणखी जोरात ओरडतात, आणि आपण नेमकं त्याच क्षणी दिलं तर पोर शिकतं की एवढं ओरडावं लागतं.

पण एकदा चुकलं म्हणून सगळं पाण्यात गेलं असं समजून सोडू नका, प्लीज. मूल बघतं की कशातून जास्त मिळतं. म्हणून गर्दीत द्यावंच लागलं तर किंचाळल्यावर अर्धा मिनिट, मोबाईलवर साधा फोटो दाखवून परत घ्या, आणि चित्र दिलं की लगेच, पूर्ण पाच मिनिटं, त्याच्या आवडीचं गाणं. त्याहून बरं म्हणजे कुरकुर सुरू होताच, ओरडण्याआधीच, चित्राकडे बोट दाखवा.

नवीन शिकवणं ऐन सणात सुरू करू नका, आधी शांत घरात काही आठवडे अगदी चोख करा, तो पाया पुढच्या चुका सोसतो. चित्र कपाटात ठेवू नका, आम्ही एक पडवीच्या खांबाला अडकवलंय, एक आजीच्या बटव्यात असतं.

आणि मूल डोकं आपटत असेल, स्वतःला चावत असेल तर दुर्लक्ष करण्याचा प्रयोग घरच्या घरी करू नका, आधी डॉक्टर आणि थेरपिस्टशी बोला.