डेंग्यूचा आठवडा आणि उशाशी पुस्तक: अंथरुणातले दिवस कसे काढावेत

डेंग्यूचा रिपोर्ट आला की घरात प्लेटलेटच्या आकड्यांची चर्चा सुरू होते आणि कुणीतरी पपईची पानं शोधायला निघतं. जो पडून आहे त्याचा दिवस कसा सरणार, हे मात्र कुणाच्या डोक्यात येत नाही. गेल्या सप्टेंबरात मी आठ दिवस अंथरुणात होते. मला बरं केलं ते पाण्याने, पॅरासिटामॉलने आणि डॉक्टरांनी. पण ते लांबच लांब दिवस सरले ते पुस्तकांच्या सोबतीने. त्यातून जे हाती लागलं ते इथे क्रमाने लिहिते आहे. साध्या व्हायरल तापातही यातलं बरंचसं लागू पडेल.

आधी अंथरूण नीट लावा

डेंग्यू पसरवणारा एडिस डास दिवसा चावतो. तापलेल्या माणसाला चावलेला डास पुढे घरातल्या दुसऱ्याला आजार देऊ शकतो. म्हणून मच्छरदाणी दिवसाही लावलेलीच हवी. अडचण एवढीच की जाळीच्या आत उजेड मंद होतो आणि अक्षरं धूसर दिसतात. अंथरूण खिडकीशी हलवा, डोकं खिडकीकडे करा, म्हणजे उजेड खांद्यावरून पुस्तकावर पडेल. संध्याकाळसाठी एक छोटा दिवा डोक्यामागे ठेवा. पाठीला दोन उशा आणि मांडीवर एक, म्हणजे पुस्तक हाताने तोलून धरावं लागत नाही. या तापात मनगटं आणि बोटांचे सांधे इतके दुखतात की शंभर पानांचं पुस्तकही जड वाटतं.

उशाशी झाकणाचा तांब्या, फुलपात्र, थर्मामीटर आणि एक वही ठेवा. वहीच्या डाव्या पानावर वेळ, ताप, घेतलेली गोळी, प्यायलेलं पाणी आणि लघवी किती वेळा झाली ते लिहा. डॉक्टर हेच विचारतात आणि तापात काहीही आठवत नाही. उजवं पान पुस्तकासाठी ठेवा: कुठवर वाचलं, काय आवडलं.

पहिले दोन-तीन दिवस: वाचू नका, ऐका

ताप १०२-१०३ च्या पुढे असतो, अंग मोडून येतं आणि डोळ्यांच्या मागे खोल ठणकतं. नजर नुसती डावीकडून उजवीकडे नेली तरी कळ येते, आणि वाचायचं म्हणजे तेच तर करायचं असतं. तेव्हा डोळे मिटून घ्या आणि कुणाला तरी वाचून दाखवायला सांगा.

मला आईने लक्ष्मीबाई टिळकांचं 'स्मृतिचित्रे' वाचून दाखवलं. १९३४ पासून भागाभागांनी आलेलं हे आत्मचरित्र बोलीच्या इतकं जवळचं आहे की कानाला ते वाचन वाटतच नाही, शेजारी बसून कुणी गप्पा मारतंय असंच वाटतं. आई ओळीखाली बोट धरून वाचायची. मधेच थांबून माझ्या कपाळावरची पट्टी वाटीत बुडवून पिळायची आणि त्याच ओल्या बोटाने पान उलटायची. त्या पुस्तकाची सुरुवातीची पानं कोपऱ्यात फुगलेली आहेत, ती त्यामुळे.

वाचून दाखवणाऱ्यांना चार गोष्टी सांगते. एका वेळी पंधरा मिनिटं पुरेत. आवाज एकाच पट्टीत ठेवा, नाट्यमय वाचन तापलेल्या डोक्याला सोसत नाही. "ऐकतेयस ना?" असं विचारू नका. ऐकणाऱ्याला झोप लागलीच तर एकदम थांबू नका, आवाज उतरवत आणखी एक परिच्छेद वाचा. अचानक पडलेल्या शांततेनेही जाग येते.

घरात एकटे असाल तर ऑडिओबुक लावा. आवाज बारीक ठेवा आणि अर्ध्या तासाने आपोआप बंद होईल असा टायमर लावून द्या.

या दिवसांत पाणी, पेज, शहाळं, ओआरएस घोट घोट चालू ठेवा. ओआरएसचं मोठं पाकीट एक लिटरला असतं, छोटं २०० मिलीलिटरला. पाकिटावर लिहिलेलं प्रमाण बदलू नका. तापाला पॅरासिटामॉल, तेही डॉक्टरांनी सांगितलेल्या अंतराने. अ‍ॅस्पिरिन, आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक यांनी रक्तस्रावाचा धोका वाढतो, तेव्हा अंगदुखी कितीही असली तरी घरात पडलेली वेदनाशामक गोळी मनाने घेऊ नका.

ताप उतरतो तो दिवस

हा भाग घरातल्या सगळ्यांनी वाचावा. साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवसात ताप उतरतो. डोकं हलकं होतं, रोगी उठून बसतो, पुस्तक मागतो आणि घर सुटकेचा श्वास टाकतं. डेंग्यूत नेमके हेच एक-दोन दिवस सगळ्यात जपायचे असतात, कारण या काळात रक्तवाहिन्यांतून द्रव बाहेर झिरपू शकतो आणि रक्तदाब घसरू शकतो. पोटात जोराचं दुखणं, सतत उलट्या, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त, काळी शौच, थंड पडलेले हातपाय, दम लागणं, विचित्र गुंगी किंवा बेचैनी, पाच-सहा तास लघवी न होणं, यातलं काहीही दिसलं तर पुस्तक बाजूला ठेवून थेट रुग्णालय गाठा. प्लेटलेटचा आकडा बरा आहे म्हणून थांबू नका. तपासण्या डॉक्टर सांगतील तेव्हा होऊ द्या.

म्हणून वाचायला बसतानाच वहीचा उपयोग करा. एक प्रकरण झालं की एक फुलपात्र पाणी आणि वहीत एक नोंद. वाचनाच्या ओढीने पाण्याचा नेम पाळला जातो. वाचता वाचता गुंगी येते आहे की नेहमीची डुलकी, तेही शेजारच्याला कळतं.

कोणतं पुस्तक घ्यावं

माझं मत स्पष्ट आहे: आधी वाचलेलं. ग्लानीत धागा तुटतो, दोन पानं मागे जावं लागतं आणि नव्या कादंबरीत त्याचा त्रास होतो. ओळखीच्या पुस्तकात कुठेही शिरा, घर आपलंच असतं. वाचायची राहिलेली जाडजूड पुस्तकं या आठवड्यात काढू नका. रहस्यकथा नको, आजारपणाच्या कहाण्या तर नकोतच.

लहान लहान तुकड्यांचं वाचन सगळ्यात सोसतं. व्यंकटेश माडगूळकरांचं 'माणदेशी माणसं' घ्या. एका बैठकीला एक माणूस भेटतो आणि आपण परत आडवे होतो. मोठ्या टायपातली मुलांची पुस्तकंही घ्या, त्यात कमीपणा नाही.

आणि दिवाळी अंक! १९०९ साली काशिनाथ रघुनाथ मित्रांनी 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला तेव्हापासून मराठी घरांत हा ठेवा साठत आला आहे. मऊ मुखपृष्ठ, दुमडून एका हातात धरता येतो, कथेचा कंटाळा आला तर कविता, तीही नको तर व्यंगचित्रं. माळ्यावरचे जुने अंक काढणार असाल तर कुणाला तरी आधी कोरड्या फडक्याने पुसायला आणि तासभर उन्हात ठेवायला सांगा. धूळ नाकात गेली की शिंकांनी दुखरं अंग पुन्हा ठणकतं.

सुरुवातीला दहा मिनिटं वाचा, मग दहा मिनिटं डोळे मिटा. फोनवर वाचू नका. तिथे अर्ध्या मिनिटात तुम्ही डेंग्यूचीच माहिती शोधायला लागता.

पुढचे दिवस

ताप गेल्यावर अंगावर लाल पुरळ उठतं आणि तळहात-तळपायांना खाज सुटते. माझ्या दोन रात्री त्यात गेल्या. रात्री दोन वाजता घर झोपलेलं असताना पुस्तकाचा जो आधार वाटला तो दिवसा कधीच वाटला नव्हता. थकवा पुढे दोन-तीन आठवडेही रेंगाळतो. मेतकूट-भात खा, दुपारी झोपा, कामावर जायची घाई करू नका. मोठं पुस्तक आता सुरू करायला हरकत नाही.

एक मात्र करा. रोगी स्वतः वाचू लागला म्हणून वाचून दाखवणं लगेच बंद करू नका. नवव्या दिवशी संध्याकाळी मी माझी माझी वाचत बसले होते. आई चष्मा पुसत आली, खाटेच्या कडेला टेकली आणि म्हणाली, "आज तू वाच, मी ऐकते." मी खुणेचा दोरा काढला आणि ती जिथे थांबली होती तिथून मोठ्याने वाचायला लागले.