दम्याचा पंप: औषध घशात नव्हे, छातीत पोचलं पाहिजे

निदान झालंय, स्पायरोमेट्री (नळीत फुंकून करायची श्वासाची तपासणी) झालीय, डॉक्टरांनी पंप लिहून दिलाय, असं धरून चालते. पुढचं सगळं तो पंप तुम्ही कसा घेता यावर आहे. दमा आटोक्यात येत नाही म्हणून डोस वाढवून घेणारी कितीतरी माणसं मी पाहिली आहेत. त्यातल्या बऱ्याच जणांचं औषध जिभेवर आणि टाळ्यावरच संपत होतं.

आधी एक गोष्ट डोक्यातून काढून टाका. 'पंपाची सवय लागते' आणि 'पंप म्हणजे शेवटचा उपाय' हे सल्ले देणाऱ्यांनी लोकांचं फार नुकसान केलंय. गोळीतलं स्टिरॉइड मिलिग्रॅममध्ये मोजतात, पंपातलं मायक्रोग्रॅममध्ये. पंपाला घाबरायचं आणि दर हिवाळ्यात गोळ्यांचा कोर्स घ्यायचा, हा उलटा कारभार आहे. मृग लागला की हैदराबादला जाऊन जिवंत माशातून औषध गिळणारे आणि कोजागिरीच्या खिरीतून औषध घेणारे आपल्याकडे पुष्कळ आहेत. जायचं तर जा, पण त्यासाठी पंप एक दिवसही बंद करू नका.

पहिलं: कुठला पंप कशाचा ते पक्कं करा. साल्ब्युटामॉलचा पंप, बहुतेकदा निळा, धाप लागल्यावर श्वासनळ्या मोकळ्या करतो. नळ्यांची सूज त्याने उतरत नाही. सूज उतरवतो तो स्टिरॉइडचा पंप. तो बरं वाटत असतानाही रोज, सांगितल्याप्रमाणेच घ्यायचा. मोठ्यांना आणि बारा वर्षांवरच्या मुलांना नुसत्या साल्ब्युटामॉलवर ठेवू नये, असं 'जिना' या दम्यावरच्या जागतिक मार्गदर्शिकेने 2019 पासून स्पष्ट सांगितलंय. फॉर्मोटेरॉल (नळ्या मोकळ्या करणारं औषध) आणि ब्युडेसोनाइड (स्टिरॉइड) असा एकच पंप रोजच्यासाठी आणि अडीअडचणीलाही आता बऱ्याच जणांना देतात. तुमच्याकडे फक्त निळा असेल तर डॉक्टरांना विचारा. वर्षात तीन निळे पंप संपत असतील तर वाट बघू नका.

दुसरं: पंप घेणं. खरी गोम इथे आहे. मला पंप हातात देताना 'दिवसातून दोनदा घ्या' एवढंच सांगितलं होतं. बोटाने दाबणं आणि श्वास ओढणं एकाच क्षणी जुळवायला मला फार झगडावं लागलं. क्षणभर आधी दाबलं की फवारा घशाच्या मागच्या भिंतीवर आपटतो, गार लागतो, आणि श्वास तिथेच अडतो. उशिरा दाबलं तर छाती आधीच भरलेली असते.

यावर उपाय स्पेसर, म्हणजे पंप आणि तोंड यांच्यामध्ये बसवायचा प्लास्टिकचा पोकळ डबा, आणि तो फक्त लहान मुलांसाठी नाही. माझं ठाम मत आहे की दाबायच्या पंपाबरोबर मोठ्यांनीही स्पेसरच वापरावा, वय काहीही असो.

टोपण काढा, आत काही अडकलं नाही ना बघा, पंप चांगला हलवा आणि स्पेसरला बसवा. ताठ बसा. श्वास सावकाश पूर्ण बाहेर सोडा. ही पायरी लोक हमखास गाळतात आणि मग औषधाला आत जागाच उरत नाही. स्पेसरची तोंडाकडची नळी दातांमध्ये धरा, ओठ घट्ट मिटा, एकदाच दाबा आणि लगेच तोंडाने हळू ओढायला लागा, गरम चहाचा पहिला घोट घेतो तसं. काही स्पेसर जोरात ओढलं की शिट्टी वाजवतात; वाजली तर वेग कमी करा. मग तोंड मिटून मनात दहापर्यंत मोजा. एवढा वेळ श्वास रोखता येत नसेल तर स्पेसरमधूनच चार-पाच साधे श्वास घ्या. दुसरा पफ (एकदा दाबल्यावर येणारा फवारा) अर्ध्या मिनिटाने, पंप पुन्हा हलवून. दोन पफ एकदम दाबले की औषध स्पेसरच्या भिंतींनाच चिकटतं.

स्पेसर जवळ नसेल आणि नुसताच पंप घ्यावा लागला, तर आरशासमोर उभं राहून घ्या. तोंडातून किंवा नाकातून पांढरा धूर दिसला, म्हणजे तेवढं औषध वाया गेलं.

रोटाहेलरवाल्यांनी, म्हणजे कॅप्सूलमधली पावडर ओढायचं साधन वापरणाऱ्यांनी, मात्र वरचं 'हळू' विसरायचं. तिथे पावडर तुमच्या श्वासाच्या जोरावर उडते, म्हणून पहिल्यापासून जोरात आणि खोल ओढायचं. त्यात फुंकर मारायची नाही, नाहीतर पावडर ओली होते. कॅप्सूल ऐनवेळी बाटलीतून काढा. मुंबई-कोकणातल्या पावसाळी हवेत उघड्या राहिलेल्या कॅप्सूलचा भरवसा नाही. पंप हळू, पावडर जोरात. दोन्ही वापरणाऱ्यांची इथेच गल्लत होते.

तिसरं: स्टिरॉइडनंतर गुळण्या करून पाणी थुंका, नाहीतर तोंडात बुरशी येते.

चौथं: स्पेसर महिन्यातून एकदा साबणाच्या कोमट पाण्यात धुऊन तसाच निथळत ठेवा. फडक्याने पुसलात तर प्लास्टिकवर स्थिर वीज तयार होते आणि औषध आतच चिकटून बसतं.

पाचवं: धूप, डासांची कॉइल, फटाके, ओल धरलेली भिंत, मिरचीची फोडणी यांतलं तुम्हाला काय बाधतं ते तुम्हालाच ठाऊक, ते टाळा.

सहावं: अटॅक आला तर. रुग्णाला आडवं करू नका. ताठ बसवा, कपडे सैल करा. निळा पंप स्पेसरमधून: एक पफ, चार श्वास; असे चार पफ. चार मिनिटं थांबा. फरक नसेल तर पुन्हा तसेच चार, आणि त्याच वेळी 108 ला फोन. वाक्य पूर्ण बोलता येत नसेल, ओठ निळसर दिसत असतील किंवा श्वासागणिक बरगड्यांमधली कातडी आत ओढली जात असेल, तर चार मिनिटंही थांबू नका. आधी फोन करा आणि गाडी येईपर्यंत पफ चालू ठेवा. घरघर अचानक थांबली पण माणूस सुस्तावला, तर बरं वाटतंय असं समजू नका. हवा आत जायचीच बंद झालेली असू शकते. घरच्या घरी आराम पडला, तरी दुसऱ्या दिवशी डॉक्टरांकडे जा, आणि जाताना पंप आणि स्पेसर सोबत न्या. त्यांच्यासमोर एक पफ घेऊन दाखवा.