जुन्या जीपचं मागचं डिफ्रन्शल बदलताय? आधी दात मोजा

आपल्या जळगाव-धुळे पट्ट्यात जुन्या पेट्रोल जीपा अजून बऱ्याच जणांनी जीवापाड जपल्यात, आणि तक्रार सगळ्यांची एकच, हायवेला ६० च्या वर गेलं की इंजिन नुसतं ओरडतं. त्यातल्या बऱ्याच जीपांना मागं ५.३८ चं डिफ्रन्शल (मागच्या अॅक्सलमधला, चाकं फिरवणारा गिअरचा गोळा) असतं, म्हणजे पिनियनला (शाफ्टकडच्या छोट्या गिअरला) ८ दात अन क्राऊनला (त्याच्यानं फिरणाऱ्या मोठ्या गिअरला) ४३, हाच त्याचा रेशो. ६.००-१६ टायरवर टॉप गिअरला ६० च्या स्पीडला इंजिन साधारण २३५० आरपीएमवर असतं, तेच ४.२७ (११ ला ४७) टाकलं तर १९०० च्या आत येतं.

पण भो, ओढ २० टक्क्यांनी कमी होते. रावेर-यावलकडं केळीच्या बागेतून माल ओढायचा किंवा तोरणमाळचा घाट चढायचा असेल तर आहे ते ५.३८ च राहू द्या. मला विचाराल तर ४.८८ (८ ला ३९) दोन्हीकडं चालतं.

आता तुमच्या गाडीत काय आहे ते न खोलता कळतं. पुढच्या चाकांना दगड लावा, मागची दोन्ही चाकं उचलून स्टँडवर घ्या, गाडी न्यूट्रल. एक चाक कुणाला तरी घट्ट धरायला सांगा, दुसरं बरोब्बर २ फेरे फिरवा अन प्रोपेलर शाफ्टचे (गिअरबॉक्सकडून मागं येणाऱ्या लांब दांड्याचे) फेरे मोजा. सव्वाचार आले तर ४.२७, पाचाला थोडं कमी तर ४.८८, पाच अन वर एक तृतीयांशापेक्षा थोडं जास्त तर ५.३८.

भंगारातून घेताना क्राऊन अन पिनियनवर कोरलेला जोडीचा नंबर सारखाच पाहिजे. मी एकदा घाईत वेगवेगळ्या नंबरचे घेतले, २०० किलोमीटरमध्ये असा रडका आवाज सुरू झाला की सगळं परत खोलावं लागलं. अॅक्सल डाना ४४ मॉडेलचा असेल तर ४.२७, ४.८८ अन ५.३८ एकाच केसवर (क्राऊन जिला बोल्टनं बसतो ती आतली केस) बसतात, पण ३.७३ ला केस वेगळी लागते, स्वस्तात मिळतंय म्हणून ते उचलू नका.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, फोर व्हील असेल तर पुढचा रेशोही तोच पाहिजे. फक्त मागचं बदलून फोर टाकला तर पुढची-मागची चाकं एकमेकांशी भांडतात आणि ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारी गिअरची पेटी) फुटते. दोन्हीचं बजेट नसेल तर थांबा.

खोलताना बेअरिंग कॅपवर डावं-उजवं खूण करा, टेपर (निमुळत्या) शाफ्टचा हब पुलरनंच काढा, हातोड्यानं नाही. बसवताना खरं काम शिमचं (गिअर नेमके बसवायच्या पातळ चकत्यांचं) आहे, त्यात घाई नको. बॅकलॅश (दातांमधला मोकळा खेळ) डायल गेजवर ५ ते ९ थाऊच्या (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) मधे आणा, मग दातांना खुणेचा निळा रंग लावून फिरवा. खूण दाताच्या मुळाकडं पडली तर पिनियन जास्त आत गेलाय, बाहेर घ्या, टोकाकडं पडली तर आत घ्या, मधोमध येईपर्यंत चारदा खोलावं लागलं तरी खोला.

ईपी ९० गिअर तेल भरा, पहिल्या दिवशी ३०-४० किलोमीटर हळू चालवून पूर्ण थंड होऊ द्या, आपल्याकडच्या उन्हाळ्यात तर नक्कीच, ८०० किलोमीटरला तेल बदला. स्पीडोमीटर आता कमी दाखवेल, ५.३८ वरून ४.२७ केलं असेल तर खरे ६० असताना काटा ४७-४८ वर, त्यामुळं मोबाईलच्या जीपीएसवर एकदा पडताळून काचेवर खूण करून ठेवा.