आधी रक्त, मग गोळी: ट्रान्सप्लांट वॉर्डात या चुका टाळा

टॅक्रोलिमस म्हणजे रिजेक्शन, शरीराने नवा अवयव नाकारणं, टाळणारं औषध. त्याची रक्तातली लेव्हल १८, म्हणजे बरीच वर, आली की सगळे डोसकडे बघतात. मी आधी विचारते, रक्त किती वाजता घेतलं आणि गोळी किती वाजता गेली? ट्रफ लेव्हलचं (पुढच्या डोसआधीच्या सगळ्यात कमी पातळीचं) रक्त आदल्या डोसनंतर साधारण १२ तासांनी, सकाळची गोळी देण्याआधी घ्यायचं असतं. पण पेशंटच्या उशाशी गोळ्यांचा डबा असतो आणि तो साडेसातलाच म्हणतो, "सिस्टर, मी घेतली की!" असं झालं तर लपवू नका. फॉर्मवर खरी वेळ लिहा, डॉक्टरांना सांगा. नाहीतर फसव्या आकड्यावर डोस कमी होतो आणि रिजेक्शनला वाट मिळते. हेच औषध शिरेतल्या ज्या लाइनमधून चालू होतं, तिथून रक्त काढलं तरी लेव्हल खोटी वाढलेली येते. दुसऱ्या जागेवरून घ्या.

किडनीच्या पेशंटची दुसरी मोठी गडबड लघवीची. तासाला २०० मिली, १८०, १९० आणि मग एकदम २०. "पुढचा तास बघू" म्हणायचं नाही. पांघरूण बाजूला करा. नळी मांडीखाली दबली आहे का, कुठे पीळ पडलाय का, बॅग मूत्राशयाच्या वर टांगली आहे का, नळीत रक्ताची गुठळी दिसते का? हे बघायला एक मिनिट लागतं. गुठळी वाटली तरी आपल्या मनाने जोर लावून कॅथेटर फ्लश करू नका. आतले टाके ताजे असतात. नळी मोकळी असेल तर बीपी बघा आणि लगेच फोन करा.

याच्या उलट फसगतही होते, आणि ती फार कमी जणांच्या लक्षात येते. जुन्या किडन्या बहुतेक वेळा आतच ठेवलेल्या असतात. ऑपरेशनच्या आधी पेशंटला लघवी होत असेल, तर बॅग भरतेय म्हणजे नवी किडनी चालली असं धरू नका. रक्तातलं क्रिएटिनिन (किडनीने बाहेर टाकायचा कचरा) उतरतंय का ते बघा.

फिस्टुलाच्या (डायलिसिससाठी शीर-धमनी जोडलेल्या) हाताला बीपीचा पट्टा नाही, सुई नाही. नव्या ड्युटीवाल्याला हे तोंडी सांगा.

तापाचं म्हणाल तर स्टेरॉइडवरच्या पेशंटला जंतुसंसर्ग असूनही ताप चढेलच असं नाही. काल गप्पा मारणारा माणूस आज भिंतीकडे तोंड करून पडला असेल, तर थर्मामीटर ३७.४ दाखवत असला तरी कळवा.

जुलाब लागले की टॅक्रोलिमसची लेव्हल घटेल असं वाटतं, प्रत्यक्षात ती बऱ्याचदा चढते. क्लॅरिथ्रोमायसिन, फ्लुकोनाझोल यांनीही चढते. रिफाम्पिसिन, फेनिटॉइनने उतरते. म्हणून घरी जाताना पेशंटला, आणि गोळ्या खरोखर जो देणार आहे त्या नातेवाइकालाही, बजावा: दुसऱ्या डॉक्टरांनी काहीही लिहून दिलं, अगदी अंगदुखीची डायक्लोफेनॅकची गोळीसुद्धा, तरी आधी ट्रान्सप्लांट टीमला फोन करायचा.